वाचकांचे प्रश्न : रेवदंड्याचं चॅपल, नारोशंकराची घंटा आणि शरणपूरची पोरं

मागच्या अंकात अलिबागच्या खालच्या पट्ट्यावर, म्हणजे चौल-रेवदंडा-कोर्लईवर लेख आला आणि त्यानंतर नाशिकहून इतके प्रश्न आले की बाकीच्या गावांचे पुढच्या महिन्यावर ढकलावे लागलेत, राग मानू नका. प्रश्न थोडे कापलेत, नावं गाळलीयत, एकसारखे होते ते एकात घेतलेत. उत्तरं मात्र लांबलीयत, त्याला इलाज नाही.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत अलिबागला गेलो होतो, तिथून रेवदंड्याला. बीचकडे जाताना नारळाच्या वाडीजवळ एक छोटीशी दगडी वास्तू दिसली, वर छप्पर नाही, आत गवत वाढलेलं. चहावाला म्हणाला चॅपल आहे, इथे सेंट झेवियर येऊन प्रवचन देऊन गेलेत. आमचे मिस्टर म्हणाले टुरिस्टला काहीही सांगतात. खरं काय? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : ताई, मिस्टरांना सांगा चहावाला हवेत बोलत नव्हता. किल्ल्याच्या आतलं ते छोटं चॅपल फ्रान्सिस झेवियरच्या नावानेच ओळखलं जातं, त्यांनी भारतातल्या सुरुवातीच्या दिवसांत इथे प्रवचन केलं अशी गावात परंपरा आहे. झेवियर हे युरोपातून आलेले ख्रिस्ती धर्मप्रचारक, ते गोव्याला उतरले ६ मे १५४२ ला आणि ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले, म्हणजे मधली दहा वर्षं, आणि त्यातला बराच वेळ जहाजावरच गेला. त्या काळात पश्चिम किनाऱ्याने वर-खाली करणारं जहाज चौलला थांबल्याशिवाय पुढे जायचं नाही, त्यामुळे परंपरा अगदीच अधांतरी नाही.

पण मला विचाराल तर झेवियर आले होते की नाही यापेक्षा ते चॅपल उभं कुठे आहे ते जास्त बघण्यासारखं. चौल हे पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासूनचं बंदर, जुन्या ग्रीक लिखाणात ते सेमुल्ला म्हणून येतं, पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथेच उतरला होता (त्याचं स्मारक रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात आहे, पुढच्या वेळी विचारत विचारत जा, सापडेल). मार्च १५०८ मधे याच बंदरात पोर्तुगीजांचं आरमार एका बाजूला आणि इजिप्तचे मामलुक नि गुजरातचा सुलतान दुसऱ्या बाजूला अशी लढाई झाली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा त्यात मारला गेला. एवढं होऊनही हे लोक हटले नाहीत, १५२१ मधे अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून परवानगी काढून त्यांनी खाडीच्या तोंडाशी कोट बांधायला घेतला, तोच हा रेवदंड्याचा किल्ला, ज्याला आगरकोट पण म्हणतात. १५७०-७१ मधे त्याच निजामशाहीने वेढा घातला तर तो पण त्यांनी निभावला.

आता एवढ्या कोटात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन असे सगळे पंथ आपापलं चर्च, आपापला मठ घेऊन बसले. तो जो उंच सातखणी मनोरा तुम्ही फोटोत पाठवलाय, जिथे खाली तोफा पडल्यात, तो सेंट बार्बराच्या फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा, नाव सातखणी असलं तरी वरचे खण पडलेत. डॉमिनिकन चर्चच्या वेदीवरची कमान तर जाऊन बघाच, पोटात चौकोनी खण पाडलेत सगळीकडे, मान दुखेपर्यंत बघत राहाल. या सगळ्या मोठ्या मंडळींच्या मानाने चॅपल म्हणजे अगदीच छोटं. चर्चला स्वतःचा पाद्री, स्वतःची हद्द, बाप्तिस्मा-लग्नाच्या नोंदीची पुस्तकं असा सगळा कारभार असतो. चॅपलला तसं काही नसतं, पाद्री येईल तेव्हा मिसा, म्हणजे सामुदायिक उपासना, होणार, एरवी कोणीही यावं, गुडघे टेकावेत, मेणबत्ती लावावी नि जावं. आणि समुद्राजवळचं चॅपल म्हटलं की त्याचा उपयोग मुख्यतः जहाजावर चढणाऱ्यांना नि उतरणाऱ्यांना. आपल्याकडे प्रवासाला निघताना वेशीवरच्या मारुतीला हात जोडतात ना, तेच.

१७४० च्या तहाने चौल नि कोर्लई मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज गेले, कोट ओस पडला. अशा वास्तूंचं छप्पर लाकडाचं नि कौलांचं असायचं, ते आधी जातं, वासे कोणाच्या तरी घराला लागतात, मग पाऊस थेट भिंतीच्या डोक्यावर पडायला लागतो. कोकणातला पाऊस आणि तीनशेच्या आसपास पावसाळे. भिंती उभ्या आहेत हेच नवल माना.

प्रश्न : पंचवटीतली नारोशंकराची घंटा वसईच्या चर्चची आहे असं आजी सांगायची. ही गोष्टच आहे की खरं? आणि देवळात चर्चची घंटा कशी चालली? (एक वाचक, जुने नाशिक)

उत्तर : घंटा पोर्तुगीज आहे याबद्दल शंका नको, तिच्यावर १७२१ हे साल आहे. देऊळ बांधलं १७४७ मधे, सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी. देवळातला देव रामेश्वर, पण नाशकात रामेश्वर कुठंय विचारलं तर निम्मे लोक गोंधळतील आणि नारोशंकर म्हटलं की रिक्षावाला थेट नेऊन सोडेल. देवळापेक्षा घंटेपेक्षा बांधणाऱ्याचं नाव मोठं झालं, आमच्याकडे हे असंच. मधली तारीख मे १७३९ ची, चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती. या मोहिमेनंतर वसई भागातल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर आल्या आणि देवळादेवळात टांगल्या गेल्या. भीमाशंकरला बघा, तिथल्या घंटेवर १७२९ आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर आहे तिच्यावर १७०७ आणि मरियेची बाळ येशूला घेतलेली आकृती. हत्ती-घोडे-उंटांच्या मिरवणुकीने आमची घंटा वसईहून नाशकात आली असं इथे सांगतात, आता कसारा घाटात उंट कसे चढवले असतील ते मला विचारू नका.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं म्हणाल तर मला त्यात जास्त मजा वाटते. घंटेचं कांसं म्हणजे साधारण चार भाग तांबं, एक भाग कथील, आणि कथील जास्त म्हणूनच तो नाद लांबपर्यंत जातो. तोफेच्या ओतकामात कथील बरंच कमी, दहा टक्क्यांच्या आसपास, कारण तोफ ठिसूळ असून चालत नाही. युरोपात लढाई लागली की चर्चच्या घंटा उतरवून, वितळवून, त्यात तांबं घालून तोफा ओतायचे, हा नेहमीचा उद्योग होता. म्हणजे त्या काळात हातात आलेली घंटा ही सरळ सरळ दारूगोळ्याचा कच्चा माल. आणि इथे काय केलं, तर ती तशीच्या तशी, वरच्या अक्षरांसकट, मरियेच्या आकृतीसकट, देवळासमोर टांगली आणि वाजवायला लागले. कोणी घासून साल काढलं नाही, कोणी आकृती फोडली नाही. देवाला घंटा लागते, ही घंटा आहे, चांगली वाजते, झालं. या व्यवहारी शहाणपणाला मी तरी मानतो.

नारोशंकराला गेलात तर गोदावरीच्या बाजूने बघा, तटाच्या मधोमध, नदीकडे तोंड करून घंटेसाठी वेगळी जागा बांधलीय. आणि पूर चढला नि पाणी घंटेला टेकलं की ती वाजवायची असं जुने लोक सांगतात. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावरून पूर मोजणारं आपलं गाव, २००८ नि २०१६ ला सगळ्या व्हॉट्सअप ग्रुपवर तोच एक फोटो फिरत होता, तेव्हा घंटेला पण त्यात काम लावलेलं असणार यात आश्चर्य नाही.

प्रश्न : स्पष्टच लिहितो. पोर्तुगीजांनी आपली देवळं पाडली, लोक बाटवले. त्यांची पडकी चर्च नि चॅपलं जपायला पैसा कशाला घालायचा? पडू द्या की. (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : काका, देवळं पाडली हे खरं, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं ते मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं, कित्येक घरं देव घेऊन खाली-वर पळाली, आणि वसईच्या मोहिमेमागे जी कारणं होती त्यात हा जाचही होता. चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलून वसई घेतली आणि मग देवीचं देऊळ बांधून दिलं हे तुम्हाला माहितीच असेल.

पण तुमचं पुढचं वाक्य पटलं नाही. पाडायचीच असती तर ज्यांनी लढून किल्ला घेतला त्यांनी पाडली असती, सुरुंग होते, माणसं होती, राग तर होताच. त्यांनी वसईत नागेश्वराचं देऊळ उभं केलं, आणि जी ख्रिस्ती घरं तिथे होती ती तिथेच राहिली. आज वसईत मराठी बोलणारी, मराठीत लिहिणारी एवढी मोठी ख्रिस्ती वस्ती आहे, तिच्यातलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२० ला. त्याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया, आई इकडची, १५९७ मधे जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मधे संत झाले. या सगळ्यांना परके म्हणणार का? आणि चॅपलचा दगड काय लिस्बनहून आला? काळा दगड इथला, चुना इथल्या शिंपल्यांचा, फोडणारे घडवणारे इथलेच. पाद्र्याने आकाराचं सांगितलं असेल, हात आपल्याच गवंड्यांचे. मला तर ती मजुरीच दिसते त्या भिंतीत.

पैशाचं म्हणाल तर काळजी नको, फारसा कोणी घालत नाहीये.

प्रश्न : आमचा ट्रेकिंगचा ग्रुप आहे. कोर्लई किंवा रेवदंड्याला जाऊन एखादं पडकं चॅपल दत्तक घ्यायचं, झाडं उपटायची, भेगा सिमेंटने भरून पांढरा रंग मारायचा असा प्लॅन आहे. ऑइल पेंट घ्यावा की डिस्टेंपर? (सिडको)

उत्तर : दोन्ही नको. सिमेंट तर अजिबात नको. उत्साह आवडला पण हे वाचूनच निघा, कारण अशा चांगल्या मनाने केलेल्या कामानेच जास्त नुकसान होतं.

झालं असं की या भिंती चुन्यात बांधल्यात. शिंपले भट्टीत भाजायचे, पाण्यात विरवायचे, वाळू घालून बैलाच्या घाण्यात दगडी चाकाखाली मळत राहायचं, त्यात गूळ, मेथी, उडीद, कुठे बेलफळ यांचं चिकट पाणी घालायचं, आणि हा चुना बांधकामात गेला की पुढे कित्येक वर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू परत दगड होत जातो. तो मऊ असतो आणि त्याला बारीक भोकं असतात, हा दोष नाही तर तेच त्याचं काम आहे. समुद्रावरून खारी हवा येते, जमिनीतून खारी ओल चढते, ती ओल भिंतीत शिरते आणि सांध्यातल्या चुन्यातून बाहेर पडते. पाणी उडून जातं नि मीठ मागे राहतं, मिठाचे स्फटिक वाढायला लागले की त्यांच्या जोराने आजूबाजूचं सुटतं. सांध्यात चुना असेल तर चुना झडतो, दहा-वीस वर्षांनी परत भरायचा, संपलं. पण तुम्ही सांध्यात सिमेंट भरलंत की ओलीला बाहेर पडायला ती वाट बंद, मग ती दगडातूनच बाहेर पडणार आणि मीठ दगडाच्या कातडीखाली साठणार. दोन-चार पावसाळ्यांनंतर जाऊन बघा, सिमेंटची रेघ शाबूत उभी आणि तिच्या दोन्ही बाजूचा दगड आत गेलेला, बोट लावलं की पापुद्रे पडतात. कोकणातल्या कितीतरी देवळांच्या जोत्यांवर हे बघायला मिळेल, चर्चचंच आहे असं नाही. ऑइल पेंटचं पण तेच, वरून कातडं चढवल्यासारखं, आत घाम. पांढरं करायचंच तर चुन्याची सफेदी, आणि तीही कोणाला तरी विचारून.

झाडं उपटायची हे तर सगळ्यात धोक्याचं. पिंपळ-वडाची मुळी दोन दगडांच्या मधे जाऊन जाड झालेली असते, बऱ्याच वेळा तीच ते दगड धरून असते, तुम्ही जोर लावून ओढलीत तर झाड हातात आणि भिंत पायावर. वरून छाटायचं, मुळी जागेवर मारायची आणि पोकळी चुन्याने भरायची असं ते काम असतं आणि ते जाणकारासमोरच करायचं.

शिवाय कायदा. संरक्षित स्मारक असेल, वसईचा किल्ला आहे तसं, तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय खिळा पण ठोकता येत नाही, स्मारकापासून १०० मीटरमधे बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमधे परवानगीने, आणि वास्तूचं नुकसान केलं तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. यात भिंतीवर बदाम काढून नाव कोरणारे पण आले बरं का, आपल्या ग्रुपमधले असले तरी.

मग करायचं काय? बाटल्या नि वेफर्सची पाकिटं गोळा करा, त्याला कोणाची ना नाही. ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. आणि टेप घेऊन जा, प्रत्येक भिंतीची लांबी, उंची, जाडी लिहा, चारी बाजूंनी सरळ उभं राहून फोटो काढा, सेल्फी नाही, भिंतीला समोरून, शेजारी एक पट्टी धरून. भेग आहे तिथे जवळून. पुढच्या वर्षी त्याच जागी उभं राहून तेच फोटो परत. भेग वाढतेय की नाही हे त्यातून कळतं आणि दुरुस्ती करणाऱ्याला सगळ्यात आधी हेच लागतं. इन्स्टावर लाइक कमी मिळतील, चालवून घ्या.

प्रश्न : कोर्लईला वेगळीच भाषा बोलतात म्हणे? आणि आपण हिंदू, तिथल्या चर्चमधे गेलं तर चालतं का? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : हो, बोलतात. कोर्लई म्हणजे कुंडलिकेच्या खाडीपलीकडे, रेवदंड्याच्या समोर समुद्रात घुसलेला डोंगर, त्यावर किल्ला (१५९४ मधे पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून घेतला, आत पडक्या चर्चचे अवशेष आहेत), पायथ्याशी दीपगृह, आणि अलीकडे गाव. गावातल्या ख्रिस्ती घरांमधे पोर्तुगीज नि मराठी मिळून तयार झालेली बोली अजून चालते, क्रिस्ती म्हणतात तिला, बोलणारे हजारभर. १७४० मधे पोर्तुगीज निघून गेले, पुढे पोर्तुगालशी काही संबंध उरला नाही, आजूबाजूला सगळी मराठी, तरी ती घराघरात टिकली. बाहेर मात्र ही मंडळी तुमच्याआमच्यासारखं फर्मास मराठी बोलतात, त्यामुळे कुणाला पकडून 'बोलून दाखवा ना' करू नका, मोबाइल समोर धरून तर नाहीच. कुणी काही दाखवायला बसलेलं नाहीये तिथे.

चर्चमधे जायला काहीच हरकत नाही. गावातलं माउंट कार्मेलच्या मातेचं चर्च वापरातलं आहे. चपला काढायची पद्धत सहसा नसते, पण काही ठिकाणी काढतात, बाकीचे काय करतात ते बघा. टोपी काढा, मोबाइल सायलेंट, मिसा चालू असेल तर मागच्या बाकावर गपचूप बसा, सगळे उभे राहिले की उभे राहा. प्रसाद म्हणून जी पांढरी चकती देतात ती घ्यायला रांगेत जाऊ नका, ती त्यांच्या विधीपैकी आहे, आपल्या तीर्थप्रसादासारखी सगळ्यांना नसते. यात कोणी अपमान करत नाही, पद्धत आहे. वेदीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. बाकी नाशिककरांना हे सांगायची गरज का पडावी कळत नाही, फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूला रांग लावणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे असतात की.

प्रश्न : समुद्रकाठचं चॅपल वगैरे ठीक, पण आपल्या नाशकात असं जुनं काही नाही का? (शरणपूर रोड)

उत्तर : तुम्ही शरणपूर रोडवर बसून हे विचारताय! अहो तुमच्या पत्त्यातच आहे ते.

अठराशे पन्नासच्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकच्या बाहेर शरणपूरची वस्ती वसवली, आता ती गावाच्या पोटात आलीय आणि सेंट अँड्र्यूज चर्चसमोरून रोज हजारो गाड्या जातात, बघत कोणी नाही. त्या वेळी अरबी समुद्रात गुलामांचा व्यापार जोरात होता, पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून होड्यांतून अरबस्तानाकडे न्यायचे. ब्रिटिश आरमार अशा होड्या पकडायचं आणि सोडवलेली मुलं मुंबईला उतरवायचं. घर कुठलं ते सांगता येत नाही, परत पाठवायचं कुठे? यातली बरीच मुलं शरणपूरला आली. इथे त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, सुतारकी-लोहारकी शिकवली. इंग्रजीत त्यांचं नावच पडलं, नासिक बॉईज.

१८६६ मधे ब्रिटिश शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या शेवटच्या मोहिमेला निघाला तेव्हा त्याने इथली काही मुलं बरोबर नेली, पुढे आणखी गेली, त्यात जेकब वेनराइट होता. १८७३ मधे लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारला. बरोबरच्या आफ्रिकन माणसांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, प्रार्थना वाचली ती वेनराइटने, झाडावर अक्षरं कोरली ती पण त्यानेच, कारण लिहिता येत होतं. मग देह वाळवून, कापडात गुंडाळून, दीड हजार किलोमीटरच्या वर पायी चालत त्यांनी तो समुद्रापर्यंत आणला. एप्रिल १८७४ मधे लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा पेटीला खांदा देणाऱ्यांत वेनराइट होता. नाशकात शिकलेला पोरगा! आपल्या शाळांमधे हे कुठे सांगतात का माहिती नाही, सांगायला हवं असं मला फार वाटतं.

आणि तुम्हाला समुद्रच हवा असेल तर तो पण घ्या. १८७५ मधे केनियात मोंबासाच्या समोर फ्रिअरटाउन नावाची सुटलेल्या गुलामांची वस्ती उभी राहिली, ती चालवायला जी शिकलेली माणसं गेली त्यात हीच नाशिकची मंडळी होती. गुलाम पकडणाऱ्यांची होडी दिसली की वस्तीला सावध करायला तिथे एक घंटा उभारलेली होती, ती जागा अजून आहे. म्हणजे वसईची घंटा नाशकात आली आणि नाशिकची माणसं पार आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या घंटेखाली जाऊन राहिली. आता पुढच्या वेळी सिग्नलला थांबलात की डावी-उजवीकडे जरा बघा.

प्रश्न : नाशिकहून रेवदंडा-कोर्लई एका वीकेंडला होईल का? कधी जावं, कसं जावं? (बऱ्याच जणांचा)

उत्तर : होतं. अडीचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. इगतपुरीहून समृद्धीने आमण्यापर्यंत, मग भिवंडी-पनवेल, वडखळ नाक्याला उजवीकडे वळून अलिबाग, तिथून नागाव-चौल करत रेवदंडा. भिवंडीत शनिवारी सकाळी अडकलात तर मला फोन करू नका, पहाटेच निघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मे मधे घामाने जीव जाईल आणि पावसात किल्ल्याचे दगड शेवाळलेले असतात. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडला की कोर्लई आलंच.

किनाऱ्याच्या बाजूने तट बघायचा असेल तर ओहोटी धरून जा. कोकणातली माणसं भरती तोंडी काढतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला, मग त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या आसपासचा रविवार धरलात तर दुपारी बाराला वाळू मोकळी मिळेल, तट बघून जेवायला जायचं. आणि जेवण आधी सांगून ठेवा, घरगुती खानावळीत ऐनवेळी गेलं तर फक्त वरणभात उरलेला असतो.